एका सहीसाठी नेसरीपर्यंत

प्रवास म्हटला की लोकांना काशी आठवते, काश्मीर आठवते, हल्ली तर दुबईही आठवते. मी केलेला प्रवास आमच्याच जिल्ह्यातला आहे आणि त्यासाठी मला घरून एक पिशवी व एक घोंगडी यांपलीकडे काही न्यावे लागले नाही. तरीही तो लिहून ठेवण्याच्या योग्यतेचा आहे असे माझे मत झाले आहे. मत बनवण्यापूर्वी मी कागद दोन्ही बाजूंनी वाचतो, हे कोल्हापुरात मला ओळखणारे सर्व जण जाणतात.

मी अर्जनवीस आहे. सरकारी कचेरीच्या आवारात, चिंचेच्या सावलीत माझे टेबल असते. शिक्षण नववीपर्यंत झाले. दहावीचे वर्ष वडिलांच्या आजारपणात गेले आणि पुढे त्यांच्याच खुर्चीवर मी बसलो. परंतु माझ्या मसुद्यात काना-मात्रा बदलण्याची हिंमत पदवीधर वकीलही सहसा करीत नाहीत. जिल्ह्यातल्या बहुतेक गावांची नावे माझ्या हातून लिहिली गेली आहेत. पूर्वेस ओढा, पश्चिमेस गाडीवाट, दक्षिणेस अमक्याचे शेत, उत्तरेस तमक्याचा बांध, अशा चतुःसीमा लिहीत असताना ते गाव माझ्या डोळ्यांपुढे उभे राहते. मात्र यांपैकी फारच थोडी गावे मी प्रत्यक्ष पाहिली होती. माझ्या मनात ती सगळी मुद्रांकाच्या कागदाच्या फिकट रंगाची होती आणि त्यांत माणसे नव्हती, फक्त लिहून देणार व लिहून घेणार होते.

कोल्हापूर

मार्गशीर्षातल्या एका सकाळी हुपरीची वैशाली माझ्या टेबलापाशी आली. वय तिशीच्या आतले, अंगात जाड परदेशी कोट, पायांत कोल्हापुरी चप्पल. ती जर्मनीतल्या एका इस्पितळात परिचारिका आहे. तिच्या मागे एक अतिशय उंच गोरा तरुण उभा होता. चिंचेची खालची फांदी त्याच्या केसांना लागत होती आणि तो तिला हाताने हळूच बाजूला करीत होता, जणू तीही रांगेत उभी आहे. त्याचे नाव माथियास. या दोघांना त्याच्या देशात, तिथल्या नगर कार्यालयात, नोंदणी पद्धतीने लग्न करायचे होते.

"चाचा," वैशाली म्हणाली, "जन्माचा दाखला झाला, पासपोर्ट हाय, शिक्के सगळे झाले. एकच कागद अडकलाय."

तिने पत्र पुढे केले. मजकूर जर्मन, खाली इंग्रजी भाषांतर. तिने ते मराठीत सांगितले. तिथल्या कचेरीला नुसता कागद पुरत नाही. मुलगी खरोखर अविवाहित आहे का, हे विचारायला ते इथल्या गावांत माणूस पाठवतात. तो माणूस हुपरीला येऊन गेला. मग मुलीचे आजोळ म्हणून नेसरीलाही गेला. नेसरीच्या दूध डेअरीपुढे त्याने चौकशी केली तेव्हा लोकांनी त्याला मोठ्या आवाजात आणि मनापासून सांगितले की, या पोरीची सुपारी पाळण्यातच फुटली आहे, मामाच्या पोराशी, आणि दर पंचमीला त्या घरातून तिला लुगडे जाते.

त्या चौकशीदाराने प्रामाणिकपणे लिहून टाकले की बालपणी विवाह झालेला दिसतो. आता कचेरी कळवीत होती की, आपला पहिला विवाह कसा संपुष्टात आला त्याचा पुरावा सादर करावा.

"पैलं लगीन झालंच न्हाय, तर ते संपंल कसं?" वैशाली म्हणाली. "आणि ज्याच्याशी सुपारी फुटली, त्यो माझा मामेभाऊ लहानपणीच वारला की ओ."

"मग त्याचा मृत्यूचा दाखला द्या. विषय मिटला."

"न्हाय. मामानं नोंदच केली न्हाय. कधीच. त्यो गेला म्हणून मामा कुणाला लिवून देत न्हाय."

तेव्हा प्रकरणाचे मर्म माझ्या ध्यानात आले. मामाने शपथेवर लिहून द्यायला हवे की मुलगा वारला आणि लग्न झाले नव्हते. ते मिळाले तर पोरीचे लग्न. न मिळाले तर ती त्या कचेरीच्या दारात आयुष्यभर कुणाची तरी बायको म्हणून उभी राहणार. मामा कोल्हापुरात यायला तयार नव्हता. म्हणून मी जायचे ठरवले. पक्षकाराच्या दारात जाण्याची आमच्या धंद्यात रीत नाही. परंतु असा मसुदा जिल्ह्यात दुसऱ्या कुणाच्या हातून उतरेल असे मला प्रामाणिकपणे वाटले नाही.

हुपरी

भाड्याच्या मोटारीने आम्ही आधी हुपरीस गेलो, कारण वडिलांचेही प्रतिज्ञापत्र हवे होते. मोटार माथियासच चालवीत होता आणि समोरून उसाची ट्रॉली आली की तो वेग कमी करून तिला वाट देत होता. त्यामुळे मागचे लोक आम्हाला पुष्कळ काही बोलले.

हुपरी हे गाव डोळ्यांआधी कानांना कळते. गल्लीत शिरताच दोन्ही बाजूंच्या घरांतून बारीक ठक् ठक् ऐकू येऊ लागते, आणि मधेच कुठे तरी घुंगरांचा ढीग पालथा करावा तशी खळखळ होते. घराघरात पैंजणे बनतात. उंबऱ्यात बसलेल्या बायका एका हाताने पोराला थोपटतात आणि दुसऱ्या हाताने साखळीत घुंगरू ओवतात. उन्हाची तिरीप त्यांच्या मांडीवरच्या चांदीवर पडून छतावर हलत होती. मला क्षणभर असे वाटले की हे संपूर्ण गाव पाण्याखाली वसलेले आहे आणि वरून कुणी तरी आम्हाला पाहत आहे.

वैशालीचे वडील पांडुरंगराव भट्टीपाशी बसले होते. पत्नी वारल्यापासून ते फारसे बोलत नाहीत, असे तिने मला आधीच सांगितले होते. त्यांनी माझ्या मसुद्यावर सही केली, माथियासपुढे ज्वारीची भाकरी, झुणका आणि कांदा ठेवला, आणि त्याने कांदा बुक्कीने फोडलेला पाहून प्रथमच हसले.

"शिकवलाईस व्हय गं ह्येला?"

"त्यो आपसूक शिकला, अण्णा."

"मग जमंल." एवढे बोलून ते पुन्हा भट्टीकडे वळले. आपण नेसरीला येणार का, असे मी विचारले.

"न्हाय वो. मेव्हणा माझ्या तोंडाकडं बगत न्हाय. पोरगं गेल्यावर मीच म्हनलोतो, सुपारी माघारी घ्या म्हणून. तवाधरनं अबोला हाय."

संध्याकाळी ओसरीवर बसून मी माथियासला त्याच्या देशातल्या रीती विचारल्या. वैशाली दुभाष्याचे काम करीत होती. तो म्हणाला की आमच्याकडे माणूस घर बदलून शेजारच्या गल्लीत गेला तरी कचेरीत जाऊन तसे लिहून द्यावे लागते. सर्वांनी? सर्वांनी. श्रीमंतांनीसुद्धा? हो. हे ऐकून त्या देशाविषयी माझ्या मनात मोठा आदर उत्पन्न झाला. मी डोळे मिटले आणि बर्फाने झाकलेले एक शहर पाहिले. त्यात सगळे लोक हातात अर्ज घेऊन शांतपणे चालले होते आणि कुणाच्याही अर्जात खाडाखोड नव्हती.

मग मी विचारले की लग्नात मामाचा मान काय असतो. त्याने बराच विचार केला. मामा आणि काका यांना त्यांच्या भाषेत एकच शब्द आहे, असे तो म्हणाला. लग्नाला दोन माणसे आणि एक अधिकारी पुरतो. अधिकारी विचारतो, तुम्हाला मान्य आहे का. हो म्हटले की झाले.

"आणि घरच्यांना कोण विचारतं?"

"त्यांना आमंत्रण पाठवतात," वैशालीने भाषांतर केले.

मला त्या बर्फाच्या शहरातली माणसे जरा एकटी वाटू लागली.

नेसरीच्या वाटेवर

दुसऱ्या दिवशी पहाटेच निघालो. कागलपासून पुढे धुके इतके दाट होते की उसाचे फड दिसत नव्हते, फक्त त्यांचे पांढरे तुरे धुक्यावर तरंगत होते. निपाणीजवळ राज्याची हद्द लागते. पाट्यांवरची अक्षरे एकाएकी गोल झाली. पुढे संकेश्वरास आम्ही चहाला थांबलो. चहावाल्याने वैशालीला "अक्का" म्हटले, मला "काका" आणि माथियासला थेट "पावणं". कोल्हापूरच्या माणसाला आपल्याच जिल्ह्यात पुढे जाण्यासाठी कर्नाटकातून जावे लागते, ही गोष्ट मी कागदावर कैक वेळा लिहिली असेल. पण त्या चहाच्या वाफेतून पाहिल्यावर हद्द ही फक्त लिहिणाराला दिसते, चहा पिणाराला नाही, असे मला कळून आले.

वाटेत एक लहानसा अपघातही झाला. गुऱ्हाळाचा वास आला म्हणून आम्ही मोटार बाजूला घेतली आणि तिचे मागचे चाक चिखलात रुतले. गुऱ्हाळावरचे चौघे जण धावत आले. त्यांनी मोटार काढण्याआधी आम्हाला उकळत्या रसाच्या काहिलीजवळ नेऊन गरम काकवी पाजली. पाहुण्याचे तोंड गोड झाल्याशिवाय त्याच्या गाडीला हात लावायचा नाही, असा त्यांचा आग्रह होता. माथियासच्या ओठांना काकवी चिकटली आणि तो काही बोलेनासा झाला.

"पावणं लाजत्यात," एक जण म्हणाला.

"लाजत न्हाईत, चिकाटल्यात," दुसरा म्हणाला.

गडहिंग्लज मागे टाकल्यावर भूमी बदलली. माती लाल झाली, काजूची झाडे दिसू लागली, आणि दूर घाटाकडच्या टेकड्या एकामागे एक अशा उभ्या होत्या की प्रत्येक मागची टेकडी पुढचीची आठवण वाटावी. मी मोटारीच्या काचेतून चतुःसीमा पाहत होतो. पूर्वेस ओढा. खरोखरच ओढा होता, आणि त्यात एक म्हैस डोळे मिटून बसली होती. इतकी वर्षे मी तो ओढा म्हशीशिवाय लिहीत आलो होतो.

नेसरी

दत्तूमामांचे घर गावाच्या कडेला, शेताला लागून आहे. मामा सत्तरीकडे झुकलेले, ताठ, पांढऱ्या मिशांचे. त्यांनी वैशालीला पाहिले, माथियासला डोक्यापासून पायापर्यंत पाहिले, मग पुन्हा वर डोक्यापर्यंत जायला त्यांना वेळ लागला.

"हे पावणं घरात मावायचं न्हाईत," ते म्हणाले. "वाकून या म्हणावं."

मामी आतून आल्या. त्यांनी वैशालीच्या तोंडावरून हात फिरवून बोटे कानशिलावर मोडली. माझ्याकडे वळून मामांनी विचारले, "आपुन?"

"मुल्लाणी. कोल्हापूर. कागद लिहितो."

"म्हंजे कागदासाठी आलासा." त्यांचा चेहरा दार लोटून घ्यावे तसा मिटला. "जेवा आधी."

जेवणात नाचणीची भाकरी, वरणा या कडधान्याची आमटी आणि घनसाळ तांदळाचा भात होता. त्या भाताचा वास सांगणे माझ्या लेखणीच्या कक्षेबाहेरचे आहे. एवढेच लिहितो की मामींनी भांड्यावरचे झाकण काढले तेव्हा बोलत असलेले सर्व जण थांबले.

जेवणानंतर मी ओसरीवर पिशवी उघडली आणि कोल्हापुरातच तयार केलेला मसुदा मोठ्याने वाचला. त्यावर मी पुष्कळ श्रम घेतले होते. 'मयत जोतीराम दत्तू यांचे वडील या नात्याने लिहून देतो की, सदर वैशाली हिजवर आमचा अथवा आमच्या वालीवारसांचा कोणताही हक्क, संबंध अथवा हितसंबंध राहिलेला नाही व पुढे राहणार नाही...'

मामांनी हात वर केला. "थांबा. काय म्हनलासा? संबंध न्हाय?"

"कायद्याची भाषा आहे, मामा."

"ह्यो जमिनीचा कागद हाय. माझ्या भावानं बांध सोडला तवा असाच लिवलाता. माझी भाची काय गट नंबर हाय व्हय? माझ्या भनीची लेक हाय ती! आणि संबंध न्हाय म्हणून मीच सही करू?"

"मामा, तसं न्हाय..." वैशाली पुढे झाली.

"तू गप. आणि त्यो सुरवातीचा शबुद." त्यांनी माझ्या कागदाकडे बोट केले, पण तो शब्द उच्चारला नाही. "त्यो माझ्या घरात वाचायचा न्हाय."

ते उठून गोठ्याकडे गेले. माझ्या मसुद्याविषयी असे यापूर्वी कधी कुणी बोललेले नव्हते. मी तो पुन्हा वाचला. एकही वाक्य चुकलेले नव्हते. आणि तरीही, त्या ओसरीवर, कोपऱ्यात टांगलेल्या लाकडी पाळण्याखाली बसून वाचताना, तो मला दुसऱ्याच कुणाच्या प्रकरणातला वाटला. हक्कसोडपत्राचा साचा घेऊन मी त्यात एक मुलगी बसवली होती.

माथियासने काय झाले ते विचारले. वैशालीने सांगितले. तो उठला आणि गोठ्याकडे गेला. आम्ही ओसरीवरून पाहत होतो. तो मामांशी काहीच बोलला नाही, बोलणार तरी कोणत्या भाषेत? मामा वैरण टाकत होते, त्याने पेंढ्या उचलून द्यायला सुरुवात केली. थोड्या वेळाने मामांचा आवाज आला, "तसं न्हवं वो, आडवं धरा, आडवं!" ऊन उतरेपर्यंत दोघेही आत आले नाहीत.

सुपारी

सकाळी अंगणात धुके होते. चुलीपाशी मामी आणि वैशाली बसल्या होत्या आणि दारात मी चहाची वाट पाहत होतो, म्हणून त्यांचे बोलणे माझ्या कानी पडले.

"मामी, मी लुगडी घ्यायलाच नको हुती," वैशाली म्हणत होती. "गावात लोकं तसंच समजली."

"का नको? मी हौसंनं धाडत हुतो. पोरगं ऱ्हायलं असतं तर तू ह्या घरात आली असतीस. न्हाय आलीस. पर लुगडं घेताना मला वर्षातनं एकदा वाटायचं, घरात सून आल्या." मामी काटक्या पुढे सारीत होत्या. "त्यो गेला तवा नदीला पूर हुता. गडहिंग्लजला न्यायला वाट न्हवती. ह्यांनी त्येला खांद्यावर घिऊन पाण्याच्या कडंला सारी रात काढली. तवापासनं ह्यांनी त्येचं नाव घेतलेलं न्हाय. मीबी न्हाय."

चुलीत काटकी तडकली.

"तुला जायाचंच हाय तर रीतीनं जा," मामी म्हणाल्या. "सुपारी अशी वाऱ्यावर सोडत न्हाईत. दुसरी फुटल्याबगार पैली सुटत न्हाय. ज्या घरात फुटली, त्याच घरानं दुसरी फोडायची. माझ्या आजीच्या येळचं हाय हे. बापाला कळलं न्हाय, नुसतं म्हनला माघारी घ्या. सुपारी माघारी कशी घेत्यात? फुटल्याली सुपारी सांधते व्हय?"

मी आत जाऊन म्हणालो, "मामी, हे तुम्ही मामांना सांगाल?"

"मी काय सांगतो? त्येस्नी ठावं हाय की. कुणी इचारलंच न्हाय, फोडता का म्हणून. सगळी सोडा, सोडा म्हणत आली."

तो प्रश्न वैशालीने विचारला. मामा अंगणात दात घासत होते. ती त्यांच्यापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "मामा, माझी सुपारी तुम्ही फोडशीला?"

मामांनी चूळ भरली. मग पंच्याने तोंड पुसत म्हणाले, "वरपक्षाकडनं कोन बसनार?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले. माथियासचे वडील हयात नाहीत, आई दूर त्या बर्फाच्या गावात. त्याच्या देशात याची गरजच पडत नाही. मामा मात्र समोरच्या पाटावर कुणी बसल्याशिवाय सुपारीला हात लावायला तयार नव्हते. वैशालीने माझ्याकडे पाहिले. मग मामींनी पाहिले. शेवटी माथियासनेही पाहिले, त्याला काय चालले आहे ते न कळताच.

"मी मुसलमान आहे," मी म्हणालो. "रीतीला अडचण नको."

"ह्या पावण्याची जात तरी कुनाला ठावं हाय?" मामा म्हणाले. "वडीलधारं मानूस पायजे. तुम्ही येताना त्येच्या मोटारीतनं आलासा, त्येच्या बाजूनं कागद लिवलासा. मग त्येचंच की तुम्ही. बसा."

मी बसलो. माझ्या आयुष्यात मी पुष्कळांच्या वतीने लिहिले आहे, परंतु कुणाच्या वतीने बसलो नव्हतो. मामींनी पाटाभोवती रांगोळीच्या दोन रेघा ओढल्या, तांदूळ ठेवले, नारळ ठेवला, आणि मला टॉवेल-टोपीचा मान दिला. टोपी मामांचीच होती. ती मला जरा मोठी झाली आणि भुवयांपर्यंत उतरली, तेव्हा वैशाली पदरात तोंड घालून हसली. मामांनी तिला दटावले, "हसतीस काय? सासरा हाय तुझा!"

मग ते समोर बसले. अडकित्त्यात सुपारी धरली. शेजारच्या घरातली ताकाची रवीही थांबली की काय, असे वाटले. त्यांचा हात अडकित्त्यावर तसाच राहिला. डोळे सुपारीवर नव्हते, समोरच्या भिंतीवरही नव्हते. ते असे कुठे तरी पाहत होते की तिथे एखादे लहान मूल उभे असावे आणि त्याला पुढे ये म्हणावे की जा म्हणावे, हे त्यांना ठरवता येत नसावे. मामींनी मागून त्यांच्या पाठीला हात लावला.

सुपारी फुटली. आवाज किती लहान असतो! एक खांड त्यांनी माझ्या हातावर ठेवले.

"पोरीला जपा, व्याही," ते म्हणाले.

"जपू," मी म्हणालो. माथियासने वैशालीला हळूच विचारले की हा अधिकारी आता मला केव्हा विचारणार. ती म्हणाली, विचारून झाले.

तोच कागद, पुन्हा

मी जुना मसुदा पिशवीत घातला आणि कोरा कागद घेतला. "मामा, तुम्ही सांगा. मी तुमच्या शब्दांत लिहितो."

मामा सांगत गेले आणि मी लिहीत गेलो. वैशाली ही आमची सख्खी भाची आहे. ती आमची भाची म्हणून राहील. पाळण्यात असताना तिची सुपारी आमच्या मुलाशी फोडली होती. लग्न लागले नाही. अक्षता पडल्या नाहीत. लुगडे देत होतो ते मामा-मामी म्हणून, हौसेने.

इथे ते थांबले. मी लेखणी उचलली.

"मामा, एक शब्द मला लिहावा लागेल. त्याशिवाय तिकडे कळणार नाही."

आतून मामी उंबऱ्यापर्यंत आल्या.

"लिवा," मामा म्हणाले. "पर तुमच्या त्या कागदात त्यो शबुद आधी हुता आणि त्येचं नाव मागनं. आधी नाव लिवा."

आमच्या धंद्यात तो शब्द नावाआधीच लिहितात. मयत अमुक, मयत तमुक. तो शब्द आधी आला की पुढच्या माणसाकडे कुणी पाहत नाही. पाहायचे असते ते वारसांकडे. इतकी वर्षे मी तसेच लिहीत आलो. त्या दिवशी मी लिहिले, 'आमचा मुलगा जोतीराम हा लहानपणी, शाळेत घातले त्याच वर्षी, तापाने मयत झाला.' आणि मोठ्याने वाचले.

"जोतीराम," मामी म्हणाल्या. एवढेच. मग त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि मामांनी मान खाली घातली.

गडहिंग्लज

त्या कागदाचे पुढे काय झाले ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचकांचा जीव टांगणीला राहणार नाही. तिकडच्या कचेरीने तो स्वीकारला. त्यांनी मृत्यूच्या नोंदीविषयी आणखी एक पत्र पाठवले, त्याला मी उत्तराचा मसुदा करून दिला, आणि वसंतात वैशालीचे लग्न झाले. फोटोत ती मामींच्या लुगड्यात आहे आणि मागे एक दगडी कचेरी आहे, तिच्या पायऱ्यांवर बर्फ नाही, ऊन आहे. माझ्या कल्पनेतले शहर मला दुरुस्त करून घ्यावे लागले.

परंतु माझा प्रवास त्याआधीच, गडहिंग्लजला संपला होता. शपथेसाठी मामांना नोटरीपुढे नेणे आवश्यक होते. ते मोटारीत पुढे, माथियासच्या शेजारी बसले, आणि वाटभर त्याला हाताने "आडवं, आडवं" असे काही तरी दाखवीत होते. दोघांना ते कळत होते. मामी घरीच राहिल्या. कोवळ्या उन्हात धुके वर उचलले जात होते आणि टेकड्या एकेक करून स्वतःच्या जागी परत येत होत्या.

नोटरींनी कागद वाचला. भाषा जरा घरगुती आहे, असे ते म्हणाले. मी म्हणालो, असू द्या, विचारपूर्वक आहे. त्यांनी मामांना ठराविक प्रश्न विचारला, मजकूर खरा आहे का. मामांनी हो म्हटले आणि प्रत्येक अक्षर जमिनीत रोवावे तशी सही केली. शिक्का पडला. वैशालीने वाकून त्यांच्या पायांना हात लावला, तेव्हा त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो लवकर उचलला नाही.

निघताना मामा दारातच घुटमळले. "व्याही, ह्येची एक परत मला मिळंल काय?"

"तुम्हाला कशाला हवी, मामा? कामाची प्रत वैशालीकडे आहे."

"घरी न्यायला. हिच्या मामीला दावतो." ते खालच्या आवाजात म्हणाले. "तिला वाचता येत न्हाय. मलाबी येवढं बारीक दिसत न्हाय. त्येचं नाव कुठं हाय, तेवढं बोट ठिवून दावा."

मी प्रत काढून आणली. त्या ओळीवर बोट ठेवले. मामांनी माझे बोट बाजूला केले आणि त्या जागी आपले ठेवले.